औंढ्याला मिळालेलं लुगडं

देवाकडे काही मागायची मला सवय नव्हती. वडील वसमतला एका खासगी मराठी शाळेत मास्तर होते. त्यांनी मला लिहायला-वाचायला शिकवलं आणि त्याबरोबर एक खोडही लावून दिली. कोणी काही सांगितलं की ‘कशावरून?’ असं विचारायचं. ही खोड सासरी फारशी उपयोगाची नसते. लग्न होऊन हट्ट्याला आल्यावर मी तो प्रश्न मनातल्या मनात विचारायला शिकले. सोमवार धरला, वाती वळल्या, आरतीला टाळ्या वाजवल्या. पण ताट घेऊन देव्हाऱ्यासमोर उभी राहिले तरी माझं मन मागे भिंतीला टेकून सगळं बघत राही. देव असेल तर असू दे, त्याच्या व्यापात आपण कशाला पडायचं, इतपतच माझी भक्ती होती. पुढे जे घडलं त्याला चमत्कार म्हणावं की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. ज्यांना ते ठरवायची घाई असते त्यांनी खुशाल ठरवावं. मी घडलं तसं सांगते.

लढाईची वर्षं होती. लढाई कुठेतरी लांब चालली होती, पण हट्ट्याच्या बाजारातलं कापड तिने नाहीसं केलं होतं. अशा दिवसांत, ज्येष्ठात, मला मुलगी झाली. कौसल्या नाव ठेवलं, कौशी म्हणू लागलो. आमच्याकडे बाळंतिणीची लुगडी घरात धूत नाहीत, परटीण घेऊन जाते. चोळ्या नि लहानसहान कपडे तेवढे घरी. सोना परटीण दारात यायची, काठीने लुगडं उचलायची आणि बाळाची दृष्ट काढल्यासारखं तोंडाने काहीतरी पुटपुटत जायची. बाळंतपणाचं सुवेर फिटायच्या आधीच माझ्या कमरेला खाज सुटली. मग चट्टे उठले. लालसर, कडेने फुगलेले, चिंचोक्याएवढे, मग एकात एक मिसळून तळहाताएवढे. कमरेवरून ते गळ्यावर आले, गळ्यावरून दंडांवर. खाज अशी की खाटेच्या काथ्यावर पाठ घासून मी रक्त काढी आणि रक्त आलं की क्षणभर बरं वाटे.

घरात मी, आमचे हे, थोरले दीर, थोरल्या जाऊबाई, आणि सासूबाई, ज्यांना आम्ही दोघी आत्याबाई म्हणायचो. इतक्या माणसांत एकट्या मलाच हे झालं होतं. शेजारची एक म्हातारी बाळ बघायला आली, तिने माझा दंड पाहिला आणि बाळाकडे न बघताच उठली. जाता जाता अंगणात आत्याबाईंना म्हणाली, “रगतपिती तर न्हाई? लेकराला जपा बाई.”

महारोगाच्या चट्ट्याला खाज नसते, तो बधिर असतो, हे मी वडिलांकडच्या एका पुस्तकात वाचलं होतं. मी ते आत्याबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “पुस्तकवाल्यानं तुला बघितलंय का?” कशावरून म्हणून विचारायचा हक्क त्यांनाही होताच. आणि खरं सांगायचं तर एकटी असताना मीही चट्ट्याला सुई टोचून बघत असे. दुखलं की हायसं वाटे. दुसऱ्या दिवशी पुन्हा टोचून बघे.

श्रावणात कौशीला माझ्याकडून नेलं. जाऊबाईंचा मुलगा अंगावर पीत होता, त्यांनी तिलाही पदराखाली घेतलं. “बरं झालं की तुझी तुला देते गं,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज इतका मऊ होता की मला भांडताही आलं नाही. मला गोठ्यापलीकडची कडब्याची खोली झाडून दिली. ताटवाटी वेगळी, तांब्या वेगळा. सुवेर फिटलं तरी माझी लुगडी परटिणीकडेच जात राहिली, घरच्या कपड्यांत मिसळायला नकोत म्हणून. काळजी म्हणून जे जे करता येईल ते सगळं आत्याबाईंनी केलं. त्या दुष्ट नव्हत्या. नातीला जपत होत्या. त्यांच्या जागी मी असते तर याहून निराळं केलं असतं, असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.

त्या खोलीतून अंगण दिसत नसे, ऐकू मात्र येई. माझी मुलगी मी कानांनी वाढवली. तिचं भुकेचं रडणं वेगळं, झोपेचं वेगळं, उगाच रडणं वेगळं; मला ओळखू येई. तिचं रडणं ऐकलं की माझ्या चोळीला दुधाची ओल फुटायची, आणि मधल्या भिंतीला टेकून मी बसून राहायची. मग एके दिवशी ती रडली आणि चोळी कोरडीच राहिली. त्या दिवशी मी खाजवलंही नाही, नुसती पडून राहिले. जाऊबाई अंगणातून मोठ्याने बोलत, मला ऐकू जावं म्हणूनच बोलत असाव्यात. “पालथी पडली बरं का,” “आज कावळ्याला हसली,” “खुळखुळा वाजवला की मान वळवती.” मी ते शब्द गोळा करी. दोरीवर वाळत घातलेलं तिचं झबलं दारातून वाकलं की दिसे. वारा आला की ते हले, तेवढंच मला तिचं दर्शन.

उपाय चालू होतेच. कडुलिंबाच्या पाल्याची आंघोळ, गंधक आणि तेल, काळ्या गाईचं गोमूत्र. वसमतला हकीमसाहेबांकडे नेलं. भला माणूस. त्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली, आणि “भिलावाँ को हात लगाए थे क्या?” म्हणून विचारलं. भिलावाँ म्हणजे बिब्बा; तो कोणाकोणाला उततो, अंगावर चट्टे-फोड उठवतो, हे आमच्याकडे लेकरांनाही ठाऊक असतं. पण बाळंत झाल्यापासून मी बिब्बा पाहिलासुद्धा नव्हता, तसं सांगितलं. मग ते म्हणाले, “तो खून में गरमी है बेटी. कडवा काढा पिओ, और गुस्सा नक्को करो.” काढा मी प्याले.

त्यानंतर गावात एक महाराज आले. पुढे ताशा, मागे छत्री धरणारा, छत्रीमागे महाराजांच्या खडावा वाहणारा वेगळा माणूस. म्हणजे खडावा होत्या, पण पायात नव्हत्या. आमच्या दारात आल्यावर त्यांनी मला लांब उभं केलं आणि लांब दांड्याच्या पळीतून विभूती माझ्याकडे उडवली. गेल्या जन्मी मी नाग मारला, असं निदान झालं. गेल्या जन्मीचं त्यांना इतकं बारीक दिसत होतं, पण या जन्मी दारात मांडलेला पाट दिसला नाही आणि ते त्याला अडखळले. छत्रीवाल्याने सावरलं. मला हसू आलं, आणि ते आत्याबाईंनी पाहिलं. त्या संध्याकाळी त्या खोलीच्या दाराशी येऊन म्हणाल्या, “तुह्या हसण्यानंच तुझं होऊन राहिलं हे. कशावरच भाव न्हाई तुझा. कार्तिकात औंढ्याला जा. नागनाथाच्या बारवंत आंघूळ कर. आन् खाली पिंडीपाशी उतरू नको, वरूनच पाया पड. लोकाईला तकलीफ नको.”

म्हणून एका सोमवारी आम्ही दोघं बैलगाडीने औंढ्याला गेलो. गाडीत मी मागे, हे पुढे, मध्ये कडब्याची पेंढी. माझी लुगडी तेव्हा दोनच राहिली होती. नवं मिळत नव्हतं. एक अंगावर, एक गाठोड्यात. बारवेत उतरण्याआधी कोरडं लुगडं मी कठड्यावर ठेवलं आणि हे गाडी सोडायला गेले. थंड पाण्याने चट्ट्यांची आग जरा निवाली. डोकं वर काढलं तर कठड्यापाशी देवाला सोडलेला वळू उभा, आणि माझं लुगडं त्याच्या तोंडात.

देवाच्या वळूला कोणी हाकलत नाही. आजूबाजूच्या बायका हात जोडून उभ्या. तो डोळे अर्धे मिटून, अत्यंत समाधानाने, पदराकडून सुरुवात करून ते चघळत होता. एक बाई म्हणाली, “भाग्याची गं, नंदीनं घेतलं.” मी भाग्याची बाई, ओलं लुगडं अंगाला चिकटलेलं, दंडांवर चट्टे, सगळ्यांसमोर पायरीवर उभी. ओळखीचं कोणी नव्हतं, पण चट्टे बघून सगळ्या दोन पायऱ्या सरकल्या. तेव्हा मला रडू आलं. लुगड्यासाठी नव्हे. पाच महिने माझ्याजवळून लोक असेच सरकत होते आणि मी ते हसून बघत आले होते. त्या दिवशी हसायला काही उरलं नाही.

“काहून रडून राहिलीस बाई?”

धनगराची बाई होती. उंच, वाळकी, हातात चांदीचे जाड गोठ. तिने कमरेवर हात ठेवून आधी वळूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “खाऊ दे की त्याला. तू काय उघडी हाईस? माह्याकडं दुसरं हाय.” तिच्या गाठोड्यातून तिने एक जाडंभरडं, विटक्या हिरव्या रंगाचं लुगडं काढलं. त्या वर्षी कोणी कोणाला चिंधी देत नव्हतं.

मी मागे सरले. म्हणाले, “मला हात लावू नका. अंगावर बघा.”

“बघितलं की. मेंढराला बी उठतंय असं. म्हून काय मेंढरू टाकून देतेत व्हय?” असं म्हणून तिने माझ्याभोवती आडोसा धरला, मला ते नेसवलं, निऱ्या करताना कमरेच्या चट्ट्यांवरून तिचा हात गेला तरी तो थबकला नाही. माझं ओलं लुगडं तिने पिळून स्वतःच्या खांद्यावर टाकलं. “हे मी नेते. फिटंफाट. चल, दर्शन घ्यायचं ना?”

“मी खाली उतरणार नाही. वरूनच.”

“वरून काय दिसतंय? अंधार.” आणि तिने माझा हात धरला. हकीमसाहेबांनी नाडी बघितली तेवढं सोडलं तर श्रावणापासून माझा हात कोणी धरला नव्हता. गाभाऱ्याच्या त्या अरुंद वाटेने वाकून, बसत बसत, ती पुढे आणि मी मागे, आम्ही खाली उतरलो. खाली दिव्याची वात, ओला बेल, दमट उबारा. तिने माझा हात ओढून पिंडीवर ठेवला. किती मागायचं ठरवून आले होते. त्यातलं काहीही आठवलं नाही. गार, गुळगुळीत, पाण्याने निथळणारा दगड. हातावर चट्टे असलेल्या बाईने हात ठेवला, आणि दगड तसाच राहिला. माझं जे मन नेहमी मागे भिंतीला टेकून उभं असे, ते त्या दिवशी कुठे होतं कोण जाणे. मागे टेकायला जागाच नव्हती.

वर आल्यावर मी तिला गाव विचारलं. “डोंगरकड्याकडची. पर मेंढरंवाल्याला कसलं गाव? आज हितं, उद्या तिकडं.” ती गर्दीत गेली. हे परत आले, मला अनोळखी लुगड्यात बघून बावरले, आणि सगळं ऐकल्यावर एवढंच म्हणाले, “वळूनं खाल्लं, हे मी आईला सांगू कसं?”

आत्याबाईंनी मात्र ते शांतपणे ऐकलं. नंदीने घेतलं आणि देवाच्या दारात मिळालं, म्हणजे ते लुगडं आता साधं राहिलं नाही. त्यांनी हुकूम केला, “परटाकडं घालायचं न्हाई हे. तूच धू, तूच वाळव.” दुसरं लुगडं नव्हतंच. मी ते रोज धुऊन, अर्धं नेसून अर्धं वाळवून दिवस काढू लागले. आणि माझे चट्टे ओसरू लागले. आधी खाज गेली. मग कडा बसल्या. पौष लागेपर्यंत कमरेवर काळपट डाग तेवढे राहिले. घरातले सगळे नागनाथाचं नाव घेऊ लागले, आणि मी, जिला नेहमी कशावरून ते हवं असे, गप्प बसले. मुलगी मिळणार होती. मला दुसरं काही जाणून घ्यायचं नव्हतं.

संक्रांतीला कौशीचं बोरन्हाण आणि त्याच दिवशी ती माझ्या मांडीवर, असं ठरलं. यांनी वसमतला कंट्रोलच्या दुकानात खेटे घालून एक नवं लुगडं आणलं. कोऱ्या कापडाला भरपूर खळ होती, म्हणून आत्याबाईंनी ते धुवायला सोना परटिणीकडे दिलं. संक्रांतीच्या तीन दिवस आधी ते आलं, आणि सवय व्हावी म्हणून मी नेसले. दुसऱ्या दिवशी कमरेला खाज सुटली. भोगीच्या सकाळी आत्याबाईंनी माझा गळा पाहिला. अंगणात जाऊन जाऊबाईंना म्हणाल्या, “लेकरू आतमंदी ने.”

मी पुन्हा खोलीत. अंगणातून तीळ भाजल्याचा वास येत होता. मी देवाला खूप बोलले. द्यायचं नव्हतं तर दाखवलं कशाला, हेच पुन्हा पुन्हा. बोलून बोलून थकले, तेव्हा फार लहानसा, कोरडा प्रश्न मनात आला. तो देवाने विचारला की वडिलांच्या खोडीने, मला सांगता येणार नाही. माझ्यात काय बदललं? काहीच नाही. तेच अन्न, तेच पाणी, तीच खोली. बदललं ते लुगडं.

मी ते सोडलं आणि उजेडात धरलं. नेसताना जे टोक कमरेशी खोचलं जातं, तिथे आतल्या बाजूला एक काळी निशाणी होती, काडीने काढल्यासारखी फुली. पदराच्या टोकालाही तशीच, जिथे पदर गळ्याला लागतो. हिरवं लुगडं पालथं घालून पाहिलं. त्याच्यावर काहीच नव्हतं.

परटाला घराघराचे कपडे नजरेने ओळखू येतात. निशाणी लागते ती वेगळ्या ठेवायच्या कपड्यांना, आणि ती बिब्ब्याच्या तेलाने करतात, कारण ती जन्मात धुऊन जात नाही. मी बिब्ब्याला हात लावला नव्हता, हकीमसाहेबांना खरंच सांगितलं होतं. बिब्ब्यानेच मला हात लावला होता, रोज, कमरेला आणि गळ्याला. मी त्या नव्या लुगड्याची एक फुली कापून डाव्या मनगटावर बांधली आणि त्याच लुगड्याचा कोरा तुकडा उजव्या. संक्रांतीच्या दिवशी दोन्ही सोडले. डाव्या मनगटावर लाल चट्टा, बारीक पाणीदार फोड. उजवं मनगट स्वच्छ.

मी दोन्ही हात पुढे करून अंगणात आले. तशी यायची मला परवानगी नव्हती. आत्याबाईंनी बघितलं, फुली बघितली, सोनाला बोलावणं पाठवलं. सोना आली ती भांडतच. “आवो, काळजी म्हून तर निशाणी केली. तुमीच म्हनलात, ह्या बाईचं समद्याहून वेगळं ठेव. आता निशाणी केल्याबिगर वेगळं कसं ठेवू? आन् बिब्बा एकीला उततो, दुसरीला उतत न्हाई, ते मला कसं कळावं?”

तिचं काहीच चुकलं नव्हतं. आधी बाळंतीण म्हणून, मग मला रोग आहे म्हणून माझी लुगडी वेगळी, वेगळी म्हणून त्यांना निशाणी, आणि निशाणी म्हणून मला रोग. आत्याबाईंनी पाट्यावर तीळ आणि खोबरं घेतलं. बिब्ब्यावर हाच उतारा, आणि संक्रांतच होती, घरात दोन्ही भरपूर होतं. बारीक वाटलं, लोण्यात कालवलं, आणि माझ्यासमोर बसून, स्वतःच्या बोटांनी, माझ्या गळ्याला लावलं. “आग होतीय का गं?” त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. होत होती.

निशाण्या कापून टाकल्या, ठिगळं लावली, लुगडी घरी धुवायची ठरलं. रोज तो लेप. थोड्याच दिवसांत अंग निवळलं. औंढ्याला मी पुढे बऱ्याचदा गेले, डोंगरकड्याच्या बाजाराला जाणाऱ्यांपाशीही विचारलं. उंच वाळकी धनगरीण, हातात चांदीचे गोठ. अशा किती असतील. ती कोणाच्या ओळखीची निघाली नाही. ती कोण होती यावर घरात निरनिराळी मतं आहेत. मला ती बाईच असलेली बरी वाटते. माणसाने इतकं करावं, यातच मला जास्त देव दिसतो.

रथसप्तमीला बोरन्हाण झालं. कौशीला माझ्या मांडीवर ठेवलं. इतके महिने ज्या वजनाची मी कल्पना केली होती त्याहून ती जड होती. तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, ओठ काढला, आणि जाऊबाईंकडे दोन्ही हात करून रडू लागली. तिचं ते रडणं माझ्या ओळखीचं नव्हतं. अनोळखी माणसाला बघून ती कशी रडते, हे मी भिंतीआडून कधी ऐकलं नव्हतं. जाऊबाईंनी तिला घेतलं नाही, माझ्यासाठी. त्यांचेही डोळे भरले होते. मीच उठून तिला त्यांच्याकडे दिलं. देवाकडे मी मुलगी मागायला गेले होते, आणि देवाने ती इतके महिने कोणाच्या तरी हाती सुखरूप ठेवली होती, हे मला तेव्हा कुठे दिसलं.

त्यानंतर मी तिला ओढून घेतलं नाही. फार वाटे. खुळखुळा वाजवून, गूळ दाखवून बोलावता आलं असतं. फाल्गुनात जाऊबाई आपल्या मुलाला घेऊन माहेरी गेल्या, कौशीला मुद्दाम ठेवून. दिवसभर ती दाराकडे बघत रडली. मी तिच्याजवळ अंगणात बसून जोंधळे निवडत राहिले, हात सुपात, नजर सुपात. संध्याकाळकडे ती दमली. रांगत आली, सुपाची कड धरून उभी राहायला बघितलं, पडली, आणि मग माझ्या मांडीवर डोकं टेकून, अंगठा तोंडात घालून, झोपली. आत्याबाई दिवा लावायला आल्या, आम्हाला बघून तशाच मागे फिरल्या. मी हललेही नाही. जोंधळे तसेच राहिले. त्या वेळी मी देवाकडे काही मागत नव्हते, हे मला पक्कं आठवतं.